खडपीचा कानोसा

समुद्राच्या प्रकृतीला शंभरपैकी एक्क्याऐंशी गुण मिळाले म्हणून पेढे वाटायचं ठरलं, तेव्हाच हेमांगीचं डोकं फिरलं. गुण मिळायला समुद्र काय दहावीला बसला होता? पण सांगणार कोणाला! मच्छीमार सोसायटीच्या हॉलला पताका लागल्या होत्या, जिल्ह्याहून साहेब निघाले होते, आणि जिने खडपी बेटाभोवतीच्या प्रवाळावर बावीस वर्षं घालवली तिला पहिल्या रांगेत बसवून हार घालायचा बेत होता. हेमांगीला हाराची ॲलर्जी होती. खरोखरची, शिंका येणारी.

खडपी म्हणजे मालवणच्या किनाऱ्यापासून होडीने तासाभराच्या अंतरावरचं उघडंबोडकं बेट. वर थोडे निवडुंग आणि खडपेश्वराची घुमटी, आणि खाली पाण्यात प्रवाळांची वस्ती. हेमांगी मूळची साताऱ्याकडची. कॉलेजच्या सहलीला म्हणून आली, आणि इथेच अडकली. आधी प्रवाळात, मग रघुवीर मेथरात. रघू पाणबुड्या होता. ती दर वर्षी समुद्राच्या तळाशी त्याच जागी दोरी अंथरायची, आणि दोरीखाली दर वीतभर अंतरावर काय जिवंत आहे, काय मेलंय ते पाटीवर लिहायची. रघू दोरीचं दुसरं टोक धरायचा. या कामाला सरकारी भाषेत दीर्घकालीन निरीक्षण म्हणतात. गावात त्याला ‘मेथरीण बाईचा येड’ म्हणत.

मग तो उन्हाळा आला. महिनाभर समुद्र तापलेलाच राहिला. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, त्याचा रंगही तेच आणि त्याची स्वयंपाकीणही तेच. पाणी तापलं की प्रवाळ आपल्याच स्वयंपाकिणीला घराबाहेर काढतो, पांढराफटक पडतो आणि उपाशी मरतो. त्या वर्षी खडपीभोवती दोरीखाली बहुतेक पांढरंच होतं. सरकारने बेटाभोवती मासेमारीला आणि पर्यटकांच्या होड्यांना बंदी घातली. प्रकृती सुधारली की उठवू म्हणाले. गावाने दात-ओठ खाल्ले आणि मान्य केलं.

प्रकृती सुधारली हे ठरवायचं कसं? त्यासाठी आलं ‘कानोसा’ नावाचं यंत्र. कल्पना चांगली होती, हे हेमांगीही मान्य करायची. जिवंत प्रवाळाची वस्ती म्हणजे भरलेला बाजार. बोटभर कोळंब्या आपली नांगी चटकवतात, त्याचा कढईत मोहरी तडतडावी तसा अखंड आवाज. त्यात मासे गुरगुरतात, कुरकुरतात, दातांनी खडक खरवडतात. वस्ती मेली की हा बाजार उठतो, नुसती लाटांची घरघर उरते. कानोसा तळाशी बसून रात्रंदिवस हे ऐकायचा आणि किनाऱ्यावर फक्त एक आकडा पाठवायचा. आवाज पाठवायचा नाही, कारण आवाज फार जागा खातो. सलग सहा वर्षं आकडा सत्तरच्या वर राहिला की बंदी उठणार, असं कागदावर ठरलं.

आणि कानोसा बसवला त्याच वर्षी माणसाची बुडी बंद झाली. “आता मशीन आहे ना, मॅडम,” असं सांगून. हेमांगीचा एक कान पाण्याच्या दाबाने कायमचा बिघडला होता, डॉक्टरांनी बुडी मारायला मनाई केली होती, आणि रघूही उरला नव्हता. जेटीवर उभ्याउभ्या छातीत कळ आली आणि संपला. भांडणार कोण? पहिल्याच वर्षी कानोशाने चौऱ्याहत्तर आकडा दिला. हेमांगीला तेव्हा खटकलं होतं. पण तिने स्वतःला गप्प केलं, कारण शेवटच्या दोन वर्षांत रघूने एका प्रयोगासाठी जीव तोडून काम केलं होतं, आणि तो प्रयोग फळाला आला असं तिला मनापासून हवं होतं.

तर आता सहा वर्षं भरली होती, बंदी उठणार होती, आणि आज त्याचाच समारंभ.

साहेबांचं नाव ऋतुपर्ण देसले. तरुण, उत्साही आणि दर वाक्यात ‘फायनली’ म्हणणारे. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी सोसायटीचा चेअरमन बसला होता, बाबल मेथर, म्हणजे रघूचा धाकटा भाऊ. हेमांगी आणि बाबल सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. रघू गेल्यावर तिने त्याची होडी वेंगुर्ल्याच्या माणसाला विकली, बाबलला न विचारता. रोज खिडकीतून ती होडी दिसायची आणि तिला सहन होत नव्हतं, एवढंच. पण बाबलच्या मनात ते बसलं ते बसलंच. तेव्हापासून गणपतीतसुद्धा नैवेद्याचं ताट मुलांच्या हातून यायचं आणि रिकामं ताट मुलांच्याच हातून जायचं. बंदी उठवा म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणाराही बाबलच होता.

“आज आपण फायनली समुद्राचं मनोगत ऐकणार आहोत,” देसले म्हणाले. “खास या कार्यक्रमासाठी कानोशाचा आवाज आपण थेट हॉलमध्ये आणला आहे. लाइव्ह!”

“सहा वर्षं मी मागतेय तो आवाज,” हेमांगी शेजारच्या बाईला म्हणाली. “तेव्हा जागा नव्हती. आता पेढ्यांबरोबर आहे.”

स्पीकर सुरू झाला आणि हॉल तडतडाटाने भरला. काय आवाज होता! दाट, भरगच्च. मध्येच एक मासा डुकरासारखा गुरगुरला, पोरं हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेमांगीच्या अंगावर काटा आला, डोळे भरले. आपलीच मेलेली आळी पुन्हा नांदती झाल्यासारखं तिला वाटलं.

आणि मग त्या तडतडाटातून आलं, ठक ठक. जरा थांबून, ठक.

हे काय ते सांगायला हवं. मेथरांचे वाडवडील खडपीच्या खडकांवरचे शिंपले काढायला बुडी मारत. खाली पोचलेल्याने दगडावर दगड आपटायचा, आणि वर होडीतल्या माणसाने वल्ह्याच्या दांड्याला कान लावून ऐकायचं. ठोक आली की समजायचं, माणूस शाबूत आहे. प्रत्येक घराची ठोक वेगळी. मेथरांची दोन लगोलग आणि थांबून एक. रघूच्या पाठीवर हवेचा सिलिंडर आला, मनगटावर खोली दाखवणारं घड्याळ आलं, तरी सवय गेली नाही. तळाशी पोचला की चाकूच्या मुठीने सिलिंडरवर ठोकायचाच. वर होडीत हेमांगी कानाला हेडफोन लावून आवाज टिपत असायची, आणि अर्ध्या तासाची मेहनत त्या ठकठकीने मातीत जायची. माहेरची भाषा न सोडलेली हेमांगी आयुष्यात अस्सल मालवणी वाक्य एकच शिकली, आणि ते त्याच्यासाठी. तो वर आला रे आला की ती ओरडायची, “मेल्या, रेकॉर्डिंग चालू आसा!” आणि तो दात काढून म्हणायचा, “जिवंत आसंय ता कळला मा?”

ही ठोक आता खडपीवर वाजवू शकेल असं माणूस एकच होतं, बाबल. आणि तो समोर व्यासपीठावर बसला होता, हातात पेढा घेऊन.

हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा नजर काढून घेतली नाही. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. डोळे मात्र ओले होते.

तेवढ्यात देसल्यांनी हार आणला आणि हेमांगीला सटासट चार शिंका आल्या.

तिने काय ओळखलं ते सरळ होतं. रघूचा प्रयोग होता आवाजाचाच. माशांची आणि प्रवाळांची पिल्लं जन्मल्यावर उघड्या समुद्रात वाहत जातात, आणि जरा मोठी झाली की घर शोधत परत येतात. घर ओळखतात ते कानाने. जिथे बाजार भरलाय तिथे उतरायचं, जिथे सामसूम आहे तिथून पुढे जायचं. म्हणजे मेलेल्या वस्तीत कोणी वस्तीला येत नाही, आणि म्हणून ती मेलेलीच राहते. यावर उपाय असा, की पाण्याखाली पेट्या बसवायच्या आणि त्यांतून चांगल्या वर्षांतला जुना आवाज वाजवायचा, म्हणजे पिल्लं फसून का होईना येतील. अशा चार पेट्या रघूने बसवल्या होत्या. तो गेल्यावर खात्याने तीन काढून नेल्या आणि चौथी वादळात वाहून गेली असं लिहून टाकलं.

चौथी गेली नव्हती. चौथी वाजत होती. कानोसा सहा वर्षं समुद्राचा नव्हे, हेमांगीच्याच जुन्या रेकॉर्डिंगचा कानोसा घेत होता आणि त्याला एक्क्याऐंशी गुण देत होता!

आणि पेटी आपोआप सहा वर्षं वाजत नाही. तिला वीज लागते. कोणीतरी वीज देत होतं, कोणाला तरी बंदी उठवून हवी होती. हेमांगी संतापली. भावाच्या कामात असली लबाडी! ती हार खुर्चीवर टाकून बाहेर पडली तेव्हा बाबल आधीच जेटीच्या वाटेला लागला होता. पौर्णिमा होती. दर पौर्णिमेला मेथरांच्या घरातल्या एकाने खडपेश्वराला नारळ ठेवायचा रिवाज, तेवढी सूट बंदीतही होती.

तो होडी ढकलत होता. हेमांगी वाटेत घरातून उचललेली हेडफोन-कॅमेऱ्याची जुनी पिशवी घेऊन, साडी सावरत आत जाऊन बसली.

“वयनी,” बाबल म्हणाला.

“बेटावर गेल्यावर बोलू,” ती म्हणाली. “इथे बोलले तर तुम्हाला पाण्यात ढकलीन.”

बेटावर घुमटीशेजारी सोलरचा पत्रा होता. हेमांगीने तो पूर्वी लांबून अनेकदा पाहिला होता आणि दर वेळी कुरकुरली होती, की आता देवालाही बल्ब लागतो. आज तिने पत्र्यामागे वाकून पाहिलं. वायर देवाकडे जात नव्हतीच. खडकाच्या फटीतून सरळ पाण्यात उतरत होती.

“लाज नाही वाटली?” ती कडाडली. “बंदी उठवायची तर मोर्चा काढायचा होता, मला शिव्या द्यायच्या होत्या. पण रघूची पेटी वापरून मशीनला फसवायचं?”

बाबल हातात नारळ घेऊन उभा राहिला. त्याला खरोखरच काही कळत नव्हतं.

“फसवायचा? कोणाक?” तो म्हणाला. “दादान सांगल्यान होता माका. ‘बाबल, ही पेटी बंद पडाक देव नको. मी सांगीपर्यंत चालू ठेव.’ मगे तो गेलो. बंद कर म्हणान सांगूक कोणीच नाय. दर पुनवेक येतंय, पत्रो पुसतंय, खाली जाऊन पेटीवरचे शिंपले खरवडतंय. माझा काय चुकला?”

“अहो, पण मला सांगायचं नाही?”

“माका वाटला, तुमका ठाऊक आसतला. तुमचाच काम मा ह्यां?”

“मला कसं ठाऊक असेल! विचारायचं तरी एकदा!”

“तुमी खय बोलतास माझ्याशी?” बाबलचाही आवाज चढला. “होडी इकलात तेवा माका इचारलात?”

हेमांगी घुमटीच्या पायरीवर बसली. काय म्हणायचं या माणसांना! एक जण चालू ठेव म्हणून सांगतो आणि मरतो. दुसरा सहा वर्षं, भर उन्हात, मुकाट्याने चालू ठेवतो. तिसरी शास्त्रज्ञ म्हणवते आणि समोरची वायर देवाच्या बल्बची समजते. आणि यातल्या कोणीही कोणाला एक शब्द विचारत नाही. तिला रघूचा इतका राग आला की तो समोर असता तर तिने त्याला नारळच फेकून मारला असता. आणि तो समोर नाही म्हणून तिला हुंदका फुटला. बाबलने नारळ खाली ठेवला आणि जवळ आला.

“तो ठोको...” तो हळूच म्हणाला. “थय तळाक गेलंय की आयकूक येता. दादा हाक मारता असा वाटता. म्हणान जास्तच नेमान इलंय.”

रेकॉर्डिंगांतून ठोक कापायचं काम हेमांगीचं. तिने सगळ्या कापल्या होत्या. ही न कापलेली रघूने स्वतः उचलून पेटीत घातली असणार, तिला न सांगता. अर्थातच न सांगता.

डोळे पुसून ती उठली. “बंद करा,” म्हणाली.

बाबलने वायर काढली. हेमांगीने होडीतून जुना हेडफोन आणला, त्याला जोडलेला पाण्याखालचा माइक खाली सोडला, आणि चांगला कान लावून बसली. भरलेला बाजार कोणीतरी चादर ओढून झाकावा तसा गेला. उरली लाटांची घरघर. पण घरघरीच्या खाली काहीतरी होतं. तुरळक, लाजत, इथे एक, तिथे एक. तड. तड तड.

बाबल खाली जाऊन कॅमेऱ्यात फोटो घेऊन आला. पेटीच्या भोवती अंगणाएवढ्या जागेत नवी प्रवाळं धरली होती, बशीएवढी, वाटीएवढी, लालसर आणि हिरवी. त्यांच्यात मासे होते. अंगणाच्या पलीकडे सगळं राखाडी, मेलेलं. रघूचा प्रयोग फळाला आला होता. फक्त एका अंगणापुरता. बंदी उठली असती तर पहिल्याच महिन्यात त्यावर नांगर पडले असते.

सोमवारी हेमांगीने देसल्यांना सगळं सांगितलं. पेटी बंद असतानाचा कानोशाचा आकडा पुढे ठेवला, एकोणतीस. देसल्यांनी उठून केबिनचं दार लावलं.

“मॅडम, हे अजून कोणाकोणाला माहीत आहे?”

“का?”

“नाही, म्हणजे आकडा ऑलरेडी वर गेलाय. मंत्रालयातून अभिनंदन आलंय. पेटी चालू राहिली तर कोणाचं काही बिघडतंय का? समुद्रालाही आवडतंय, लोकांनाही बंदी उठून हवी आहे. फायनली सगळे खूश आहेत.”

“आजारी माणसाच्या काखेतला थर्मामीटर काढून तुम्ही स्वतःच्या काखेत लावलात, आणि ताप उतरला म्हणून त्याला नांगराला जुंपताय,” हेमांगी म्हणाली. “अहो, जरा तरी ऐका! बावीस वर्षं मी हेच सांगतेय, ऐका. तुम्ही आकडा वाचता. ऐकत कोणीच नाही!”

ती इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरचा शिपाई चहा न देताच परत गेला. मग तिने अहवाल देसल्यांच्या टेबलावर ठेवला, पोच घेतली, आणि निघाली.

खरा प्रश्न गावाचा होता. इतकी वर्षं वाट पाहून लोकांनी जाळी दुरुस्त केली होती. सोसायटीच्या बैठकीत हेमांगी बोलायला उठली तेव्हा मागून आवाज आले, बाईने घात केला, बाईला गाव नको आहे. ती तयारीनेच आली होती. पण तिच्या आधी बाबल उभा राहिला.

“घात कोणी केल्यान नाय,” तो म्हणाला. “पेटी मी चालू ठेवलंय. माझा चुकला. खाली अंगणभर पोवळा धरलाहा, मी डोळ्यांनी बघितलंय. आज जाळी टाकलास तर एक दिवस जेवशात. ह्यां अंगण वाढूक देवा. चेअरमन बदलूचो आसात तर बदला.”

चेअरमन बदलला. शिव्याही भरपूर पडल्या, हेमांगीला आणि बाबललाही. बंदी राहिली. आणि हेमांगीने नवा नियम लिहून घेतला. पेटी वाजत राहील, पण रोज सकाळी एक तास गप्प बसेल, आणि कानोशाने फक्त त्या तासाचं मोजायचं. शिवाय वर्षातून एकदा माणसाने खाली जाऊन दोरी अंथरायची, यंत्राला कितीही वाईट वाटलं तरी.

पावसाळा सरला, समुद्र निवळला आणि दोरी अंथरायचा दिवस आला. बाबलने होडी काढली. ती रघूचीच होती. वेंगुर्ल्याच्या माणसाला गाठून, त्याच्या हातापाया पडून, स्वतःची नवी होडी त्याला देऊन बाबलने ती परत आणली होती, आणि अर्थातच हेमांगीला न विचारता.

पेटीची बडबड थांबून तिचा गप्प बसायचा तास सुरू झाला. बाबल दोरीचं वेटोळं घेऊन पाण्यात उतरला. हेमांगी होडीत कानाला हेडफोन लावून बसली. आधी घरघर. मग ती बारीक तडतड, मागच्यापेक्षा जरा दाट. कुठलातरी मासा एकदाच गुरगुरला. ती श्वास रोखून ऐकत होती. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग तिला वर्षानुवर्षांत मिळालं नव्हतं. अजून थोडा वेळ कोणी हललं नाही, तर खडपीचा खरा आवाज पहिल्यांदा—

ठक ठक. ठक.

मांडीवरच्या रेकॉर्डरच्या पडद्यावर लगेच प्रश्न उमटला, अनोळखी आवाज, वगळायचा का? हेमांगीने ‘नाही’ दाबलं. मग हेडफोन काढला, होडीच्या काठावर ओणवी झाली, आणि पाण्यात तोंड घालून ओरडावं तशी ओरडली,

“मेल्या, रेकॉर्डिंग चालू आसा!”